वारा नसलेला दिवस

शौकतभाई दळवी गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या वाऱ्या-लाटांच्या अंदाजातला एक आठवडा अजून शिल्लक होता. नाझनीनचा, त्यांच्या मुलीचा, फोन दुपारी आला. जेवणानंतर दुकानाच्या मागच्या खोलीत आडवे झाले, ते उठले नाहीत. दवाखाना, धावपळ यातलं काही करायची वेळच आली नाही. दफन त्याच संध्याकाळी झालं. कब्रस्तानातून बाहेर पडताना खाडीच्या बाजूने वारा येत होता, रस्त्यावरची धूळ उचलत... आणि लक्षात आलं, की या संध्याकाळसाठी शौकतभाईंनी हेच सांगून ठेवलं होतं. पश्चिमेचा, मध्यम, दिवस मावळल्यावर पडणारा. दिवस मावळला आणि वारा पडला.

जुन्या पनवेलमध्ये त्यांचं दोरखंड आणि ताडपत्रीचं दुकान. त्याआधीची बरीच वर्षं ते ओमानच्या एका बंदरात होते, मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या टगबोटीवर. तिथे सुट्टीच्या दिवशी एका फिलिपिनो खलाशाने त्यांना लाटेवर फळी टाकून उभं राहायला शिकवलं. आखातातून परतताना लोक टीव्ही आणतात, ब्लँकेटं आणतात. शौकतभाई त्या खलाशाची जुनी फळी घेऊन आले. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला एक दुकानदार सुट्टीच्या दिवशी गाडीच्या टपावर फळी बांधून काशीदच्या किनाऱ्यावर जातो, हा पनवेलमध्ये अर्थातच करमणुकीचा विषय होता. समोरच्या दुकानातला चष्मेवाला विचारायचा, "शौकतभाई, इस्त्रीचं टेबल घेऊन कुठं?" शौकतभाई गाठी आवळता आवळता सांगायचे, "तुझ्या सासुरवाडीला. तुझ्या लग्नात चुरगळलेत ते लोक, अजून सरळ झाले नाय."

माझी त्यांची ओळख ताडपत्रीमुळे झाली. गच्चीसाठी एक हवी होती. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो हे बोलण्यात आलं, तसं त्यांनी माप घेणं थांबवलं. "तुमच्या पेपरात भरतीची वेळ येते, ती कुणासाठी?" मी म्हणालो, वाचकांसाठी. "मंग मुंबईचीच का येते? पनवेलचा वाचक काय घागरीत पोहतो?" पुढच्या सुट्टीला मी त्यांच्या गाडीत होतो. मी कधी कमरेपलीकडच्या पाण्यात गेलो नाही. किनाऱ्यावर बसायचो, थर्मासमधला चहा राखायचो आणि परतीच्या वाटेवर, रेवदंड्याच्या पुलावर, आज किती लाटा मिळाल्या यावर त्यांच्याशी वाद घालायचो. ते फुगवून सांगायचे. मी मोजलेल्या असायच्या.

दर पंधरवड्याला एका संध्याकाळी दुकानात ते पुढच्या दोन आठवड्यांचं सांगायचे. सुंभाच्या गुंडाळीवर बसून, फोनवरचे नकाशे बोटाने सरकवत. ऐकायला मी असायचो, कधी चष्मेवाला, आणि घरी गेल्यावर तेच सगळं पुन्हा बायकोला, झुबैदाभाभींना. अंदाजाचे ते तीन भाग करायचे. पहिले चार-पाच दिवस "पक्कं". त्यापुढचे काही "बहुतेक". आणि शेवटचा तुकडा "इन्शाअल्ला". लाटांबद्दल त्यांचं म्हणणं असं, की इथल्या वाऱ्याने उठवलेली लाट भांडखोर असते, कुठूनही येते, कुठेही फुटते. खरी लाट दक्षिणेच्या महासागरातल्या वादळातून निघते आणि कित्येक दिवस चालत इथे पोचते. "वाटेत तिचा राग उतरतो. मागंपुढं अंतर सोडून, रांगेत येते. घरात पाव्हणी यावी तशी." फोनवर दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत येतं. तो आकडा वाढला की शौकतभाईंचा आवाज खाली यायचा, एखादी खासगी गोष्ट सांगावी तसा. पण चांगल्या लाटेला चांगला वाराही लागतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा हलकासा वाहतो, तोवर पाणी गुळगुळीत. ऊन चढलं की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि सगळं विस्कटतं. त्या मधल्या वेळात पाणीही भरलेलं हवं. म्हणजे लाट, वारा आणि भरती, तिघांची एकाच सकाळी गाठ पडायला हवी. ती क्वचित पडते.

ते पुष्कळदा चुकायचे, हेही नोंदवायला हवं. उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापल्यापासून पनवेलचा वारा बदलला, असं त्यांचं एक ठाम मत होतं आणि त्याला काही आधार नव्हता. चुकल्यावर ते नकाशाला दोष द्यायचे, नकाशा बरोबर निघाला तर श्रेय स्वतः घ्यायचे. मी हे तोंडावर बोलून दाखवलं की म्हणायचे, "पेपरवाल्यांकडूनच शिकलो."

झुबैदाभाभी उरणजवळच्या गावच्या. त्यांच्या अंगणातून समुद्र दिसायचा, पण त्यांना तो आवडत नसे. शौकतभाई ओमानला असताना त्यांनी मुलगी एकटीने वाढवली, सासू-सासऱ्यांचं आजारपण एकटीने काढलं. नवरा एकदाचा परत आला, तर सुट्टी मिळताच तो पुन्हा पाण्याकडे. "एवढी वर्षं दर्यानं ठेवून घेतलंन, ती कमी होती?" असं त्या एकदा माझ्यासमोर म्हणाल्या. शौकतभाईंची इच्छा एवढीच होती, की भाभींनी एकदा किनाऱ्यावर बसावं आणि त्यांना लाटेवर उभं राहिलेलं बघावं. ती त्यांनी माझ्याजवळ एकदाच बोलून दाखवली, गाडी चालवताना, समोर बघत. "आमी काय करत होतो तिकडं, ते तिला कधी दिसलंच नाय. पैसे दिसले. आमी नाय दिसलो."

एकदा त्या आल्याही होत्या. ईद होऊन आठवडा उलटला होता. त्या दिवशी जी चूक झाली ती शौकतभाईंच्याच हातून होऊ शकत होती. लाटा आणि वारा ते फोनवर बघायचे, भरती मात्र तोंडी काढायचे, किनाऱ्यावरचे जुने लोक काढतात तशी. तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला पाणी भरणार. त्यांच्या घरात कॅलेंडर चांदचं, आणि चांदची तारीख आकाशात कोर दिसल्यावर सुरू होते, म्हणून तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते. एरवी ते मला फोन करून तिथी विचारायचे. पण ईदच्या त्या दिवसांत घरात सगळी मोजदाद चांदचीच चालली होती. तिथी होती द्वादशी, त्यांनी चांदच्या दहा तारखेचीच पाऊणपट केली. आम्ही साडेसातला काशीदला पोचलो, तर पाणी अजून पार आत. समोर नुसती ओली वाळू आणि पळणारे खेकडे. शौकतभाई फळी काखेत धरून उभे. भाभींनी बुरख्याची कड सावरत विचारलं, "हाच का तो तुमचा दर्या? तलावात यापरीस जास्ती पाणी हाय." पाणी चढायला नऊ वाजले, आणि त्या दिवशी वाराही लवकर सुटला. वाळू डोळ्यांत, चहात, डब्यातल्या भाकरीवर. पाण्यात जाऊन शौकतभाई तीनदा पडले. भाभी गाडीत जाऊन बसल्या. परतीच्या वाटेवर, पेणजवळ, भाभी म्हणाल्या, "पुन्यांदा येईन. पण ज्या दिवशी वारा नसंल, त्या दिवशी."

वारा नसलेला आणि तरीही लाट असलेला दिवस... हे मागणं किती अवघड आहे, ते भाभींना ठाऊक नव्हतं. की ठाऊक होतं आणि म्हणूनच त्या तसं म्हणाल्या, हे मला सांगता येत नाही. शौकतभाईंनी ते अक्षरशः घेतलं. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याला ते असा दिवस शोधायचे. वारा पडलेला असायचा तेव्हा समुद्र ताटासारखा. लाट असायची तेव्हा वारा. दोन्ही जुळलं तर ओहोटी. दोन वेळा सगळं जुळलं, तर एकदा नाझनीनची परीक्षा होती आणि एकदा भाभींच्या बहिणीकडे लग्न.

यंदा होळीनंतरच्या एका संध्याकाळी त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं. दक्षिणेत खाली कुठेतरी मोठं वादळ झालं होतं, तिथून लाट निघाली होती. तिची वाट त्यांनी बोटाने दाखवली. ती पोचायची त्या दिवशी सकाळी नकाशावर वाऱ्याचे बाण जवळजवळ नव्हतेच. त्यांनी तिथी विचारली, मी सांगितली, त्यांनी ती मला दोनदा म्हणायला लावली. दशमी. साडेसातला भरती. "सगळं जुळतंय, पेपरवाले." दिवस शेवटच्या तुकड्यात पडत होता. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "म्हणून तर इन्शाअल्ला." भाभींनी होकार दिला होता. डब्यात काय न्यायचं तेही ठरलं होतं... दिवस यायच्या आठवडाभर आधी शौकतभाई गेले.

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नसतं. इद्दत. भाभी ती मनापासून पाळत आहेत. दफनानंतर काही दिवसांनी मी घरी गेलो, तेव्हा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो. मधल्या दाराला पडदा होता आणि भाभी त्याच्या आड. नाझनीनने पाणी आणून दिलं. इकडचं तिकडचं थोडं बोलणं झालं, मग पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "भाऊ, तो दिवस परवा हाय ना? तुमी जाऊन बघून या." नाझनीन म्हणाली, काका, तुम्ही व्हिडिओ काढून आणा, अम्मीला दाखवू. भाभी म्हणाल्या, "व्हिडिओ नको. त्यात वारा नाय कळत. पेपरात लिवता तसं येऊन सांगा. होतं ते होतं, नव्हतं ते नव्हतं."

मी गेलो. उजाडताना पोचलो. चहाच्या टपरीवाल्याने नुकती चूल पेटवली होती आणि तिचा धूर सरळ वर जात होता. सुरूच्या झाडांची सळसळ नव्हती. पाणी वर चढत होतं. सुरुवातीला समुद्र सपाट दिसला, आणि मला वाटलं, शौकतभाई चुकले. मग दूरवर एक रेघ उठली. तिच्यामागे, बऱ्याच अंतराने, दुसरी. रेघा जवळ आल्या, उंच झाल्या, आणि उजवीकडून डावीकडे, घाई न करता, फुटत गेल्या. साधारण कमरेएवढ्या. पाठ गुळगुळीत, फेस फक्त माथ्यावर. त्यानंतर बराच वेळ काही नाही, आणि मग पुन्हा रांग. साडेसातच्या सुमाराला पाणी भरलं. दहा वाजून गेल्यावर सुरूचे शेंडे हलले. तोवर त्या पाण्यात कुणीही उतरलं नव्हतं. किनाऱ्यावर दोन कुत्री आणि मी.

दुपारी पनवेलला परतून तसाच त्यांच्याकडे गेलो, आणि खुर्चीवर बसून हे सगळं याच क्रमाने सांगितलं. मी थांबल्यावर भाभींनी विचारलं, "वाळू उडत होती?"

"नाही."

"अजिबात?"

"दहापर्यंत अजिबात नाही."

"ते उभे राहिले असते त्या लाटेवर?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातमीतलं 'असतं', 'असते' खोडत आलो. मी म्हणालो, "राहिले असते."

मग भाभींनी हळूच विचारलं, "आणि मी कुठं बसले असते?"

मी सांगितलं. टपरीच्या डाव्या हाताला सुरूची तीन झाडं जवळजवळ आहेत, तिथे नऊपर्यंत सावली होती. वाळू कोरडी होती. तिथून लाट उठते ती जागा आणि फुटून संपते ती जागा, दोन्ही दिसतात. मान वळवावी लागत नाही.

"मंग बरं," भाभी म्हणाल्या.

त्यानंतर दर पंधरवड्याला मी त्या खोलीत जातो. फोनवरचे नकाशे मला शौकतभाईंइतके वाचता येत नाहीत, तरी जे दिसतं ते सांगतो. आता ज्येष्ठ लागतो आहे. पश्चिमेचा वारा रोज थोडा वाढतो आहे, लाटा उंच आणि विस्कटलेल्या, येते काही आठवडे किनाऱ्यावर जाण्यासारखे नाहीत. मागच्या खेपेला हे सांगून झालं, तेव्हा भाभींनी विचारलं, इद्दत संपेल त्या सुमारास काय असेल. म्हणजे पार श्रावणातलं. मी म्हणालो, भाभी, इतक्या लांबचं कुणालाच सांगता येत नाही. शौकतभाईंनाही आलं नसतं.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तुमी फकस्त भरतीची वेळ बघून ठेवा. वारा असला तरी येईन."