वरच्या आंटींनी आणलेली कार्डं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आंटी जिना उतरताना मुद्दाम खोकतात, म्हणजे ज्याला जे लपवायचंय त्यानं लपवून घ्यावं. इथल्याच चिक्कडपल्लीत जन्म गेला त्यांचा, "हौ माय, नक्को माय" केल्याशिवाय बोलणं नाही. मला त्यांची लई भीती वाटायची.

माझ्या चार वर्षांच्या पोरीला शाळेतून इंग्रजी शब्दांची कार्डं दिली, घरी करून घ्या म्हणून. मी सातवी शिकलेली, एबीसीडी येते पण शब्द जुळवता जुळवता घाम फुटतो. मग नवऱ्यानं एकदा वाचून दाखवली तशा मी खुणा धरल्या. हळदीचा डाग म्हणजे 'द', कोपरा दुमडलेला म्हणजे 'वॉज'. पोरीसमोर धडाधड म्हणायचे. मम्मीला सगळं येतं असं तिला वाटायचं, आणि तेच मोडेल म्हणून माझा जीव टांगणीला.

आंटींनी दोन दिवस दारातून नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी बेगम बाजारातून तशीच करकरीत कार्डं आणली, जुनी खुशाल पिशवीत टाकली आणि पोरीला म्हणाल्या, "आज तू मॅडम. मम्मीला विचार."

नव्या कार्डांवर ना डाग, ना दुमडलेला कोपरा. पोरीनं कार्ड धरलं, "सांग!" तर तिच्या पाठीमागं आंटी आवाज न करता ओठ हलवून शब्द सांगायला लागल्या. सात कार्डं अशी निभावली. आठव्याला बघते तर आंटी खिडकीबाहेर बघतायत! मग झक मारत एकेक अक्षर जुळवलं, "कॅ...न. कॅन."

"मम्मी, हळू वाचलं," पोरगी म्हणाली, "पण बरोबर."

"हौ माय," आंटी खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "मॅडम लई कडक मिळाली तुला."