कुवेतला न गेलेले फोटो

नूरुन्निसाला फोटो काढायची हौस मुळात नव्हतीच. ती लागली नवरा कुवेतला गेल्यावर. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या विनायकने दोघांच्या फोनमध्ये एकच खातं टाकून दिलं होतं, कारण ईमेल कशाशी खातात हेही हिला ठाऊक नव्हतं. इकडे हिने फोटो काढला की तिकडे अब्दुलच्या फोनवर आपोआप दिसायचा. मग काय, बाईंना चेवच चढला. तव्यावरचे बोंबील, लेकीची, सिदराची शाळेची वही, विचुंब्याकडे उभी राहिलेली नवी बिल्डिंग, काहीही. अब्दुल दर शुक्रवारी फोन करून म्हणायचा, "मंगळवारची भाकरी करपली होती ना गं?" तिकडे त्याच्या खोलीत राहणारे आठही जण ड्युटीवरून आले की आपले हे फोटो बघतात, असंही तो कौतुकाने सांगायचा.

२०१६ च्या डिसेंबरात शेजारच्या जास्मीनची मेंदी होती. आत फक्त बायका. ओढण्या खुंटीला, केस मोकळे, ढोलकीवर नाच. सगळ्या म्हणाल्या, "भाभी, काढा फोटो, पण आपल्यातच राहू देत हां." नूरुन्निसाने अल्लाची कसम घेतली की या मोबाइलमधून एकही बाहेर जाणार नाही, आणि चांगले साठ फोटो काढले. घरी येऊन तिने चहाचं आधण ठेवलं आणि तिच्या लक्षात आलं, फोटो तर आपोआप तिकडे गेले. आठ पुरुषांची खोली, आणि जास्मीन तशी नाचताना.

बुरखा अडकवून ती तडक दुकानात गेली. आता विनायकच्या हातात फोन द्यायचीही सोय नव्हती. तो बिचारा भिंतीकडे तोंड करून सांगत गेला आणि ही बटणं दाबत गेली. साठही फोटो दोन्हीकडून पुसले आणि पुन्हा घोटाळा नको म्हणून बॅकअपच बंद करून टाकला.

"वहिनी, आता तुमचे फोटो तुमच्याजवळच," विनायक भिंतीला म्हणाला.

अब्दुलला सांगायचं तर विचारावं लागणार, तुम्ही पाहिलेत का, आणखी कोणी पाहिले. तिची जीभ रेटेना. शुक्रवारी त्यानेच विचारलं, "फोटो नाहीत हल्ली?" ती बोलून गेली, "नेट चालत नाही नीट." त्याने दुसऱ्या कंपनीचं सिम घ्यायला लावलं. तेही तिने घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं.

बटण परत दाबायला मिनिट लागलं नसतं. पण मग साचलेले सगळे फोटो धडाधड तिकडे गेले असते आणि नेटचं सोंग उघडं पडलं असतं. शिवाय, खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटत होतं. भाकरी करपली तरी विचारणारं कोणी नव्हतं. हे बरं वाटणंच तिला आतून खात होतं. फोटो ती काढतच राहिली, आणि अब्दुलचे शुक्रवारचे फोन मात्र आखूड होत गेले.

पुढच्या ऑगस्टमध्ये अब्दुल सुट्टीवर आला. जेवून हात पुसता पुसता म्हणाला, "नेटचं काही नव्हतं. फोटो इकडूनच बंद केलेत, हे खोलीतल्या अदीबने मला रमजानच्या आधीच दाखवलं होतं."

नूरुन्निसाला तोंड कुठे लपवावं कळेना. "मग विचारलं का नाही तुम्ही?"

"तू बंद केलंस म्हणजे काहीतरी कारण असणार. ते काय निघेल, याची भीती वाटली."

तिने मग मेंदीपासून सगळं सांगितलं. अब्दुल ऐकून घेत होता. "त्या दिवशी डबल ड्युटी होती," तो म्हणाला. "फोन लॉकरमध्ये होता. मी काहीच पाहिलं नाही, कोणीच नाही."

म्हणजे रमजानच्या आधीपासून त्या माणसाला नको नको ते वाटत राहिलं, तेही विनाकारण. तिने बॅकअप चालू केला. तिच्या शेजारी बसलेल्या अब्दुलच्या फोनवर एकेक फोटो उतरू लागला. सिदराचा पडलेला दात, सिदराचा ताप, ईदचा नवा शरारा, सायकलवरून पडून सोललेला गुडघा. तो प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघत होता.

"मला माफ करा," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. "छान आलेत," तो म्हणाला, "पण हे मला तिकडे हवे होते."