शमुवेल सुरुंगात गेला ती सकाळ

आमच्या पोस्टच्या उजव्या अंगाला देवदाराचं रान होतं आणि डाव्या अंगाला सुरुंग. सुरुंग आपलेच, फार वर्षांपूर्वी पेरलेले. त्यांच्या कडेनं काटेरी तार आणि तारेवर लाल त्रिकोण. हिवाळ्यात तार बर्फाखाली जाई. उन्हाळ्याकडे बर्फ सरकलं की बर्फाबरोबर सुरुंगही सरकत. नकाशावर एक जागा, जमिनीत दुसरी. झऱ्यावर पाण्याला जायची वाट या तारेला लागूनच होती.

मी तेव्हा हवालदार होतो, सेक्शन कमांडर, म्हणजे एका छोट्या तुकडीचा प्रमुख. जवान मला उस्ताद म्हणत. गाव कोरेगाव तालुक्यातलं. सेक्शनमध्ये निम्मे लोक सातारा-सांगलीचेच होते, म्हणून पोस्टवर आमची भाषा घरचीच चाले. वायरलेसचा सेट उचलला की हिंदी, ठेवला की मराठी.

नायक शमुवेल मिरजेजवळच्या एका खेड्यातला. आई एका मिशन दवाखान्यात आया होती, तिनं एकटीनं त्याला वाढवलं. लान्स नायक विलास तासगावकडचा, घरी द्राक्षबाग. हे दोघं बडी. फौजेत बडी म्हणजे एका बंकरमध्ये झोपायचं, एका मेसटिनमध्ये खायचं आणि एकमेकांची पाठ सांभाळायची. शमुवेल रविवारी प्रार्थनेला बसला की विलास बाहेर उभा राहून बाकीच्यांना गप्प बसवी. विलासचा संकष्टीचा उपास शमुवेलला पाठ असे.

हिवाळा संपत आलेला. पहाटे धुकं इतकं दाट, की हात लांब केला तर पंजा दिसेना. पुढच्या मोर्चावर, म्हणजे पहाऱ्याच्या खंदकात, शिपाई दत्ता संतरी होता. पाटण खोऱ्यातला, नोकरी दोन-तीन वर्षांची. थंडी सोसेना म्हणून तो मोर्चा सोडून बंकरमधल्या बुखारीपाशी, म्हणजे शेगडीपाशी, हात शेकायला गेला. बदली माणूस बोलावला नाही, कुणाला सांगितलं नाही. तेवढ्यात सीमेपलीकडून आलेल्यांनी मोर्चात ग्रेनेड टाकला आणि फायर सुरू केला. आवाज ऐकून विलास सर्वांत आधी पुढं धावला. आम्ही त्यांना परतवलं, पण विलास मोर्चाच्या तोंडाशीच पडला. त्याला उताणा केला तेव्हा तो गेलेला होता.

दत्ता जिवंत होता. अंगावर ओरखडा नाही.

उजाडल्यावर शमुवेलनं त्याला धरलं. तो नुसता मारत सुटला. तीन माणसांनी ओढून बाजूला केला तेव्हा दत्ताचे दोन दात पडले होते. मी रिपोर्टमध्ये दातांचं लिहिलं नाही. पोस्टवर कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही, मलाही नाही.

विलासला हेलिकॉप्टरनं खाली नेलं. दत्ताला नेता येईना. रस्ता बर्फानं बंद होता आणि हेलिकॉप्टर फक्त जखमी आणि मयतांसाठी मिळे. वरून हुकूम आला, रस्ता उघडेपर्यंत त्याला तिथंच ठेवा, हत्यार देऊ नका. मग त्याला लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, कामाला लावला. पाणी आणायचं, बर्फ उपसायचं, भांडी घासायची. त्याच्याशी कुणी बोलत नसे. तो आला की माणसं ताट घेऊन उठत. तोही कोपऱ्यात तोंड फिरवून जेवू लागला. पुढं पुढं नीट जेवेनासा झाला.

मग एके दिवशी शमुवेल आपलं ताट घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसला. जेवला आणि उठला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मला ते खटकलं. मी त्याला बाजूला घेतला.

"शमुवेल, ह्ये काय चाललंय? माफ केलंस व्हय त्याला?"

"न्हाई उस्ताद. त्याचं तोंड बघितलं की अजून पोटात आग पडती."

"मग?"

"ल्हानपणापासनं आमच्या चर्चमध्ये एकच ऐकत आलोय. माणूस आपल्या कमाईनं तरत न्हाई. देवाच्या कृपेनं तरतो. लायकी बघून मिळत न्हाई ती. ऐकून ऐकून कान किटलं हुतं. हितं आल्यावर त्याचा अर्थ लागला."

"काय अर्थ?"

"ज्यांची लायकी न्हाई असं म्हणत्यात, त्यात दत्त्याबी येतो. आन् मीबी. अर्थ लागला उस्ताद, पर आवडला न्हाई."

मी म्हणालो, "आमच्यात करावं तसं भरावं म्हणत्यात."

"त्ये सोपं हाय," तो म्हणाला. "मलाबी त्येच पटतंय. पर मग माझंबी भरायला लागंल की."

मी त्याला मोर्चावर पाठवलं.

ऊन तापू लागलं. बर्फ भुसभुशीत झालं. सेटवर बातमी आली, रस्ता उघडतोय, पहिल्या गाडीनं दत्ताला खाली पाठवा. त्याला सांगितलं तेव्हा तो "जी" म्हणाला आणि घासत होता ते पातेलं घासत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीनंतर आम्ही चौघं पाण्याला निघालो. पुढं एक जवान, मागं दत्ता कॅन घेऊन, त्याच्यामागं शमुवेल, शेवटी मी. झऱ्याच्या वळणावर दत्तानं कॅन खाली ठेवला. मला वाटलं, हात बदलतोय. त्यानं तार ओलांडली आणि उतारावर चालू लागला. पळाला नाही. रानातून घरी चालल्यासारखा चालला.

मी ओरडलो. त्यानं मागं पाहिलं नाही. मग स्फोट झाला.

धूर गेला तेव्हा तो पडलेला दिसला. डावं पाऊल नव्हतं. बर्फ लाल होत चाललं होतं.

"कोणी हलायचं नाही!" मी हुकूम दिला आणि सेट घेतला. "टायगर, टायगर टू. माइन ब्लास्ट. एक कॅज्युअल्टी, माइनफिल्ड के अंदर. इंजिनिअर भेजो. ओव्हर."

"टायगर टू, इंजिनिअर निकल रहे हैं. दोपहर हो जाएगी. तब तक कोई अंदर नहीं जाएगा. ओव्हर."

दुपारपर्यंत तो टिकणार नाही हे मला तिथून दिसत होतं. दत्ताला शुद्ध होती. तो ओरडत होता, "मला सोडा! मीच आलोय हितं! या नगा!"

शमुवेलनं रायफल माझ्या पायाशी ठेवली. संगीन काढून हातात घेतली, कमरेचा पट्टा सोडून गळ्यात टाकला.

"शमुवेल, ऑर्डर ऐकलीस."

"व्हय उस्ताद. परत आलो की चार्ज लावा."

तो तारेखालून सरपटत गेला. संगीन तिरकी खुपसायची, चाचपायचं, मग तेवढंच अंग पुढं सरकवायचं. दोन ठिकाणी त्याची संगीन थांबली आणि तो वळसा घालून गेला. डोंगरात वारा नव्हता. दोघांचं बोलणं आम्हाला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"तू कशाला आलास? विलास माझ्यामुळं मेला. मला फेडू दे."

"तू मेल्यावर विलास उठून येतोय?"

दत्ता रडत होता.

"येत न्हाई न्हवं? मग काय फेडलंस? ऐक, ह्ये तुझ्याच्यानं फिटणार न्हाई. माझ्याच्यानंबी न्हाई. ज्यानं फेडायचं त्यानं क्रुसावर कवाच फेडलंय. आता गप पड आन् पाय वर घे."

त्यानं मांडीला पट्टा आवळला. मग दत्ताची कॉलर धरून, येताना बर्फात पडलेल्या चरातूनच उलटा सरपटत त्याला ओढू लागला. त्या उतारावर तेवढं अंतर यायला त्याला किती वेळ लागला सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. तारेपाशी आल्यावर मी आणि जवानानं हात घालून दत्ताला अलीकडे घेतला. शमुवेल पलीकडेच होता. आता उठायचं म्हणून त्यानं गुडघा टेकला. बर्फ ढासळलं, गुडघा चराबाहेर गेला.

दुसरा स्फोट माझ्या तोंडासमोर झाला.

मी त्याला ओढून वाटेवर घेतलं. कमरेखाली पाहण्यासारखं राहिलं नव्हतं. फिल्ड ड्रेसिंग लावलं, पुरलं नाही. सेटवर हेलिकॉप्टर मागितलं. दरीत ढग आहेत, उघडले की निघतो, असं उत्तर आलं.

"दत्त्या हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय."

"माझ्या आयला सांगा."

"सांगतो. भ्या वाटतंय का रं?"

"वाटतंय," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं हात उचलले. "उस्ताद, माझ्या हातात काय न्हाई."

त्याला रायफल हवी असं मला वाटलं. फौजी मनात तेच येणार. मी ती उचलून त्याच्या हाताशी नेली. त्यानं मान हलवली.

"न्हाई. असंच बरं हाय. देव मोकळ्या हातानं आलेल्यालाच घेतोय."

त्यानंतर तो पुटपुटत होता. प्रार्थना असावी. ढग उघडायच्या आत संपलं. त्या हेलिकॉप्टरनं दत्ताला नेलं. त्याचा जीव वाचला.

शमुवेलला घेऊन मी मिरजेला गेलो. तिरंगा होता, सलामी झाली, पाळकांनी प्रार्थना केली. त्याची आई, मार्थाबाई, खड्ड्याच्या कडेला ताठ उभी होती. लोक पांगल्यावर ती माझ्याकडे आली.

"हवालदार सायेब, ज्याला आणायला गेला हुता, त्यो जगला का?"

"जगला."

"बरं झालं," ती म्हणाली.

दत्ताचं कोर्ट मार्शल झालं. संतरीनं मोर्चा सोडणं हा साधा गुन्हा नव्हे. माझी साक्ष झाली, मी जे घडलं ते सांगितलं. त्याला कैद झाली, नोकरी गेली. शिक्षा योग्य होती, आजही माझं तेच मत आहे. शमुवेलनं काढला तो सुरुंगातून, कायद्यातून नव्हे.

मी सुभेदार होऊन घरी आलो. एके दिवशी दत्ता दारात उभा. नकली पाय, हातात काठी. म्हणाला, "उस्ताद, मला त्या माउलीकडं न्या. एकट्याचं धाडस हुईना."

एसटीनं गेलो. मार्थाबाईंचं घर दोन खोल्यांचं. मी कोण ते तिनं ओळखलं. दत्तानं स्वतःच स्वतःची ओळख दिली. मग हात जोडून म्हणाला, "आई, मी हितंच ऱ्हातो. तुमचं पाणी भरतो, लाकडं फोडतो. जलमभर. तेवढंच फेडू द्या."

ती बराच वेळ त्याच्या पायाकडे बघत होती. मग म्हणाली,

"फेडायला येऊ नगंस, लेकरा. त्यासाठी त्यो गेला न्हवता. भूक लागली की जेवायला ये."

तिनं भाकरी थापली, वांग्याची भाजी वाढली. ती त्याच्यासमोर बसून राहिली, त्याचं ताट रिकामं होईपर्यंत.

विलासच्या घरी असं झालं नाही. त्याच्या वडलांनी, आबांनी, दत्ताचं नाव ऐकताच आतून कडी लावली. मी त्यांना दोष देत नाही. ज्याचा पोरगा गेला त्याला काय वाटावं हे दुसऱ्यानं ठरवू नये. दत्तानं बंद दाराला नमस्कार केला आणि आम्ही परतलो.

विलासच्या गावात वेशीवर झाडाखाली त्याचं स्मारक आहे. त्याच्या पुण्यतिथीला मी दरवर्षी जातो. दत्ताही येतो, पण लांब, डांबरी रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो. आबा त्याच्याकडे कधी बघत नाहीत. मार्थाबाई आता नाहीत. अखेरपर्यंत दत्ता त्यांच्याकडे जेवायला जात होता आणि त्यांना खांदा देणाऱ्यांत तोही होता.

यंदा ऊन फार कडक होतं. आबांनी हार घातला, वळले, आणि प्रथमच रस्त्याकडे पाहिलं.

"त्याला म्हणावं," ते मला म्हणाले, "सावलीला उभा ऱ्हा."

एवढंच. ते काठी टेकत घराकडे निघाले. मी हाक दिली. दत्ता सावलीपर्यंत आला नाही. रस्ता ओलांडून अलीकडे आला आणि तिथं थांबला.

मी टाचा जुळवून विलासला सॅल्यूट केला. मग मिरजेच्या दिशेला तोंड केलं आणि शमुवेलला केला.