पापण्या हलत असताना

अण्णा, म्हणजे माझे वडील, झोपलेल्या माणसाला एकदम उठवत नसत. आधी जवळ जाऊन त्याच्या पापण्या पाहत. आत बुबुळं फिरताना दिसली की ओठांवर बोट ठेवून म्हणत, "थांबा, स्वप्न चालूय." एकदा परंड्याच्या एसटीत शेजारच्या प्रवाशाने 'माझं गाव आलं की उठवा' असं अण्णांना सांगितलं होतं. अण्णांनी उठवलं नाही, त्याचं गाव मागे पडलं. तो संतापला तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "तुम्ही हसत होता हो."

धाराशिवच्या कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवत. मुलं त्यांना 'झोपेचे सर' म्हणत. फळ्यावर ते मेंदूच्या लहरी काढत. जागेपणीच्या बारीक, दाट. गाढ झोपेतल्या रुंद, संथ. स्वप्नाशी पोचले की पुन्हा जवळजवळ जागेपणीच्याच. "आत सगळं चालू असतं. हातपाय तेवढे ढिले पडतात. बाहेरून बघून कुणाचं काही ठरवू नये," हे ते दरवर्षी सांगत.

त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटत नसे. आजी गेली तेव्हा आलेल्यांना ते चहा देत फिरत होते. लोहाऱ्याची आत्या, त्यांची धाकटी बहीण, सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, तुला काळीज न्हाय. दगड हाईस तू." अण्णा म्हणाले, "बस. पाणी पी." त्यानंतर आत्या आमच्याकडे आली नाही.

ती आली थेट दवाखान्यात. अण्णांना हृदयाचा त्रास झाला होता, पण डॉक्टर काळजीचं काही सांगत नव्हते. दुपारची वेळ होती. अण्णा झोपले होते.

"उठव की गं त्याला. मला त्या दिवशीचं बोलणं माघारी घ्यायचंय."

मी त्यांच्या पापण्या पाहिल्या. "थोडं थांबा, आत्या. स्वप्न चालूय."

ती स्टुलावर बसून राहिली. अण्णा झोपेतच गेले.

मला अजून रडू आलेलं नाही. अण्णांसाठी पुण्यानुमोदनाचा विधी होता, त्या दिवशी मी पाहुण्यांना पाणी देत होते. शेजारची बाई कुजबुजली, "पोरगी अगदी बापावर गेलीय. डोळ्यांत टिपूस न्हाय."

"व्हय, बापावरच गेलीय," आत्या मोठ्याने म्हणाली. "असू द्या तिला तशीच."

जेवणं झाल्यावर आत्या अण्णांच्या खाटेवर आडवी झाली आणि तिला झोप लागली. बाहेर लोहाऱ्याची जीप हॉर्न देत होती. तिचा मुलगा दारात आला. "ताई, आईला उठव. जीप निघाली."

मी खाटेजवळ गेले. आत्याच्या पापण्यांखाली बुबुळं फिरत होती. ओठ किंचित हलले, शब्द फुटला नाही. कपाळावरची आठी मात्र हळूहळू सैल झाली.

मी ओठांवर बोट ठेवलं.

"जाऊ दे जीप," मी म्हणाले.