बाईंची गाडी

मी पदवीधर झालो तो गणिताच्या बाईंमुळे. त्या आपल्या मुलीकडे परदेशी जाताना गाडी आमच्या मसुरे गावच्या मांगरात, शेतीचं सामान ठेवायच्या खोपीत, ठेवून गेल्या. ती बिघडली असती तर त्यांना तोंड दाखवता आलं नसतं. मी बॅटरी काढून ठेवली आणि हँडब्रेक सोडून चाकांना चिरे लावले. पावसाळ्याआधी बाबांनी घराला बांधतात तशी पाऊस अडवणारी माडाच्या झापांची झडी मांगरालाही बांधली.

शेजारचे काका बाबांना म्हणाले, "गाडी काय बाळंतीण आसा रे? वारो लागात म्हणान झडी?"

आई म्हणाली, "तुमच्या म्हशीपेक्षा बरी. लाथ तरी मारणा नाय."

उघडीप पडली की मी दारं उघडून गाडीला वारा द्यायचो. दिवाळीत बाईंना लिहिलं:

"बाई, आज चार्ज केलेली बॅटरी जोडली. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. शेजारचे काका मागे बसलेत, उतरत नाहीत. तुम्ही लवकर या."