दोन माणसांची ड्रिल

"हिचं इंग्रजी लई फाडफाड हाय म्हनं, पन ही तोंड उघडंल तर ना," मार्थाकाकू स्वयंपाकघरात माझ्या आईला म्हणाल्या. मी बाहेरच्या खोलीत त्यांचाच मोबाईल धरून बसले होते. स्क्रीनवर त्यांच्या नवऱ्याचा, सायमनकाकांचा चेहरा अडकत अडकत हलत होता. त्यांनीही ते ऐकलं असावं. "राहू दे, बेटा," ते हळूच म्हणाले. "आमच्या घरात बोलायला एक मानूस पुरेसं हाय."

भिंगारला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे काका मालवाहू जहाजाचे कप्तान होते. मुळा धरणापलीकडे मोठं पाणी न पाहिलेल्या आमच्या गल्लीत त्यांना सुट्टीतही चैन नसे. कुणाकडे चहाला गेले की कप हातात घेण्याआधी गॅसची नळी तपासत. "मुदत संपलीय. जहाजावर असती तर बंदरातून हलू दिलं नसतं तुमाला." बायका हसत, पण नळी बदलत.

त्या वर्षी त्यांचं जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून पडलं. मालकाने फोन बंद केला. जहाजाचा कारभार पाहणाऱ्या कंपनीने करार संपल्याचं सांगून अंग काढून घेतलं. जहाजावर ज्या देशाचा झेंडा होता, तिथून उत्तरच येईना. शेवटी तिथल्या कोर्टाने जहाज जप्त केलं. पण नांगरलेलं जहाज ओस ठेवता येत नाही. साखळी तुटली तर ते दुसऱ्या कुणावर तरी जाऊन आदळेल. म्हणून राखणदार कोण, असं कोर्टाने विचारलं, आणि काकांनी सही केली; म्हणजे खटला संपेपर्यंत त्यांना जहाज सोडता येणार नव्हतं. त्या सहीवर बाकीचे खलाशी घरी गेले. मागे राहिले काका आणि त्यांच्या मदतीला बिपुल नावाचा कुक.

"सही कशाला केली?" काकू रोज विचारत.

"जहाज म्हंजे गाय हाय का, दावं सोडलं नि निघालो?"

मी त्यांच्यासाठी ईमेल लिहायचे. झेंड्याच्या देशाला, वकिलातीला, खलाशांच्या संघटनेला. लिहिणं मला जमतं. समोरून फोन आला की मात्र मी काकूंच्या भावाकडे फोन द्यायचे. काका यावरून मला कधी टोचून बोलले नाहीत.

डिझेल संपलं, फ्रीज बंद पडला, प्यायचं पाणी बंदराच्या बोटीने येईल तेव्हा. तरी अंधार पडायच्या आत काका बॅटरीवरचा दिवा चढवत, येणाऱ्या जहाजांना दिसावं म्हणून. आणि आठवड्याला आगीची ड्रिल चुकली नाही. "ह्यो बिपुल आग आग म्हनून वरडतो, मी विझवतो. पुढच्या खेपेला मी वरडनार." मी हसले. मग कळलं, ते गंमत करत नव्हते. नियम होता, तो पाळायचा होता. ते सोडलं असतं तर दिवसभर धरायला दुसरं काही उरलं नसतं.

एकदा बोलताना त्यांच्या हातातला फोन सटकला आणि मला त्यांचा पाय दिसला. घोट्यापर्यंत सुजलेला, अंगठा काळा. काका मधुमेही होते. इंजेक्शनं संपली होती.

"काकूला सांगू नको."

"पण आजारी खलाशाला दवाखान्यात न्यावंच लागतं ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"लागतं. कायदाच हाय तसा. मी उतरलो की सही बिपुलच्या गळ्यात. त्याची पोरगी अजून त्यानं पाहिली न्हाई. पोराला तिथं अडकवून मी भिंगारला चहा पिऊ व्हय?"

आमचं मोकळं बोलणं झालं ते हेच शेवटचं.

मग वकिलातीच्या अधिकाऱ्याचा व्हिडिओ कॉल ठरला. एका चौकोनात साहेब, एकात काका, एकात मी आणि मला चिकटून काकू. काकांनी दाढी केली होती, कप्तानाचा पांढरा शर्ट घातला होता. फोन त्यांनी छातीच्या वर धरला होता.

"कॅप्टन, तब्येत कशी आहे?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

"ऑल वेल, सर."

उभ्या नोकरीत कप्तानाने ऑफिसला दुसरं काही कळवलं नसावं. वादळ असो की ताप. काकूंना तेवढं इंग्रजी कळलं. माझ्या दंडावरची त्यांची पकड सैल झाली. "बरे हायत," त्या पुटपुटल्या.

साहेब म्हणाले, मग तातडीचं काही नाही, कोर्टाची पुढची तारीख पाहू. ते कॉल संपवायला लागले. काका माझ्याकडेच पाहत होते. मी ओठ उघडलेले त्यांना दिसले असावेत.

"बेटा, लाईन खराब हाय," ते मराठीत म्हणाले. "ठिव फोन."

लाईन स्वच्छ होती. मी आधी इंग्रजीत बोलले. साहेब थांबले. मग मी काकूंकडे वळून तेच मराठीत म्हणाले, "काका खोटं बोलतायत. इंजेक्शनं संपलीत, पाय सडतोय. मी साहेबांना सांगितलं, आजच उतरवा, आणि बिपुललाही त्यांच्याबरोबर उतरवा. जहाजाचं काय व्हायचं ते होऊ दे."