उंबऱ्याबाहेर घेतलेले कागद

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर मी हसणारी बाई. ग्रुपवर कुणी पिंपळाखालचे किस्से टाकले की पहिली टर मीच उडवते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

इथे परदेशात, टूनगॅबीला युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, मी एकटी राहते. आई दोन वर्षांपूर्वी याच घरात वारली. तिचा काळा मसाला मी आणि सुजाताने तिच्याच नावाने विकायला काढला होता — ‘शालिनी मसाले’. सुजाता म्हणजे मॉसन लेक्सला युनिव्हर्सिटीत होतो तेव्हापासूनची माझी रूममेट. आई तिला धाकटी लेक म्हणायची. त्याच सुजाताने ‘शालिनी’ या नावावर हक्क सांगून माझ्यावर केस केली! गळ्यात गळा घालणारीनेच केसाने गळा कापला.

हे मला कळलं तिच्या वकिलाच्या ईमेलवरून. माझी वकील प्रिया हळहळली.

“अगं, ही नावाची भांडणं फेडरल कोर्टात लढायची. पण आपलं उत्तर दाखल करायला दिलेली मुदत संपली. कागद घरी पोचले त्या दिवसापासून धरतात ती.”

“पोचलेच नाहीत!”

“मग नो वरीज. तसं शपथेवर लिहून दे.”

कोर्टाचे कागद घरपोच देणाऱ्या माणसाला मी फोन केला. तो म्हणाला, “तुझ्या मम्‌ने घेतले, मेट. गोड बाई! पण दारातून घेईचना. उंबऱ्याकडे बोट दाखवून ‘नो, नो’ म्हणाली, बाहेर आली, मग घेतले.”

उंबऱ्यावरून देणं-घेणं आईला चालायचं नाही. पिझ्झावाल्यासाठीसुद्धा ती बाहेर जायची.

सुजाताकडे किल्ली होती खरी, पण भांडणानंतर मी कुलूप बदललं होतं. आणि पस्तिशीच्या बाईला माझी आई कोण समजेल?

महत्त्वाचा कागद आला की आई त्याला कुंकू लावून देवापुढे ठेवायची. माझं पीआरचं, इथे कायम राहायच्या परवानगीचं पत्रही तिने तसंच ठेवलं होतं. ती गेल्यापासून बंद असलेला देव्हारा मी उघडला... कागद तिथे होते.

खोटी शपथ घ्यायला जीभ रेटेना. मुदत गेली ती गेलीच.

पटेल असं कारण आजही सापडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर सांगा, फक्त ‘आई पाठीशी आहे’ वगैरे म्हणू नका. पहिल्या पानावर वर सुजाताचं नाव आहे, खाली माझं. कुंकवाचं बोट एकाच नावाला लागलंय — आणि ते माझं नाही.